झोपेची गोळी, व्यसन सोडायची गोळी आणि कष्टाचं अंग

 मैत्रिणींनो, घरातल्या दादा-काकांनीही ऐकावं, कारण आजची गोष्ट त्यांच्याही औषधाची आहे.

जूनचा पाऊस बसला की आपल्या मुळशीत भाताची गडबड सुरू होते. रोप तयार झालं की चिखलणी, मग आवणी. कोळवण खोरं असो, मुठा खोरं असो, नाहीतर वर ताम्हिणीकडची गावं असोत, महिनाभर बाईच्या कमरेला उसंत नसते. याच दिवसांत बैठकीत हप्ते भरून झाले, वही मिटली, की एखादी ताई मागे थांबते आणि हळूच विचारते, "मला झोपेची गोळी चालू आहे, आवणीला जाऊ ना?" दुसरीचा प्रश्न वेगळा असतो, "आमच्या ह्यांना व्यसन सोडायची गोळी दिली आहे. त्यांनी पोती उचलली तर काही होईल का?"

या दोन्ही गोळ्या घराघरात पोचल्या आहेत, पण त्यांच्याबद्दल मोठ्यानं कुणी बोलत नाही. झोपेची गोळी म्हटलं की लोक वेड्यात काढतील ही भीती, आणि व्यसनाची गोळी म्हटलं की घराची लाज. म्हणून आज उघडपणे बोलू. मी डॉक्टर नाही, गोळी कमी करा की वाढवा हे मी सांगणार नाही. पण या गोळ्या आत काय करतात आणि कष्टाच्या वेळी त्यानं काय फरक पडतो, हे समजलं की डॉक्टरांना काय विचारायचं ते आपलं आपल्याला कळतं.

कष्ट करताना अंगात काय होतं

चढ चढताना, डोक्यावर मोळी घेताना, चिखलात वाकून रोप लावताना शरीराला जास्त साखर लागते, जास्त हवा लागते, रक्ताचा दाब नीट राहावा लागतो. हे सगळं वेळेवर मिळावं म्हणून शरीरात एक व्यवस्था आहे. तिचं काम आपल्या गटासारखंच चालतं.

गटात पैसे लागले की आधी मागणी येते. अध्यक्ष मान्य करतात, सचिव ठराव लिहितात, आणि मग कोषाध्यक्ष पेटी उघडतात. शरीरात मागणी ओळखणारा मेंदूचा एक छोटा भाग आहे, हायपोथॅलॅमस. तो निरोप देतो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला. ती रक्तात एसीटीएच नावाचं रसायन सोडते, तो झाला लेखी ठराव. हा ठराव पोचतो दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींकडे. त्या पेटी उघडतात आणि कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक रक्तात येतं. संप्रेरक म्हणजे रक्तातून फिरून कामाचा निरोप पोचवणारं रसायन, ज्याला इंग्रजीवरून हार्मोन म्हणतात.

याच ग्रंथींच्या आतल्या भागातून अ‍ॅड्रेनॅलिन सुटतं. पण ते ठरावाची वाट बघत नाही. नसांमधून थेट निरोप येतो आणि काही सेकंदांत छाती धडधडते, हात ताठ होतात. बांधावर साप दिसला की आपण आधी उडी मारतो आणि मग घाबरतो, ते यामुळेच. कॉर्टिसॉल मागून येतं. ते चढायला मिनिटं लागतात, आणि उतरायला त्याहून जास्त वेळ लागतो.

कॉर्टिसॉलला लोक 'ताणाचं हार्मोन' म्हणतात. नाव ऐकून वाटतं की ते वाईटच असणार. पण ते नसेल तर माणूस उभा राहू शकणार नाही. साठवलेल्या अन्नातून साखर काढून रक्तात आणणं, रक्तदाब धरून ठेवणं, सूज आटोक्यात ठेवणं ही त्याची कामं. पहाटे, जाग यायच्या सुमारास ते सगळ्यात जास्त असतं, आणि मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी असतं. काम संपलं की रक्तातलं कॉर्टिसॉलच मेंदूला कळवतं, 'पुरे झालं', आणि पेटी बंद होते.

प्रत्येक कामाला पेटी उघडत नाही, हेही लक्षात ठेवा. सावकाश चालणं, झाडलोट, तांदूळ निवडणं यानं कॉर्टिसॉल वाढत नाही. आपल्या पूर्ण ताकदीच्या साधारण ६० टक्क्यांच्या वर जोर लागला आणि तो काही वेळ टिकला, की ते वाढायला लागतं. आणि सवय झाली की तेवढ्याच कामाला ते कमी वाढतं. आवणीचे पहिले तीन दिवस जीव जातो आणि आठव्या दिवशी तेच काम अंगवळणी पडतं, त्याचं एक कारण हेही आहे.

अंगातला स्वतःचा ब्रेक

उतारावर गाडीला ब्रेक लागतो तसा या व्यवस्थेलाही लागतो. 'पुरे झालं' हा एक ब्रेक आपण पाहिला. दुसरा ब्रेक आहे शरीरात तयार होणाऱ्या अफूसारख्या रसायनांचा.

हे ऐकून आश्चर्य वाटेल, पण खरं आहे. अफू, मॉर्फिन, हेरॉईन यांचा माणसावर एवढा परिणाम का होतो, याचा शोध घेताना १९७३ साली अमेरिकेत कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी दाखवलं की मेंदूत अफूच्या जातीच्या द्रव्यांसाठी खास कुलपं आहेत. मग प्रश्न पडला, देवानं माणसाच्या डोक्यात अफूचं कुलूप कशाला ठेवलं? दोन वर्षांनी, १९७५ साली, स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन शहरात जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांना उत्तर मिळालं. या कुलपांच्या किल्ल्या मेंदू स्वतःच बनवतो. त्या जातीतल्या एकीचं नाव एंडॉर्फिन, म्हणजे आतलं मॉर्फिन.

या एंडॉर्फिनचं एसीटीएचशी जवळचं नातं आहे. पिट्युटरी ग्रंथीत एक मोठं प्रथिन तयार होतं, ते तुटून एसीटीएच बनतं आणि त्याच प्रथिनातून एंडॉर्फिनही बनतं. एका पोत्यातून दोन मापं निघावीत तसं. म्हणून जोराचा कष्ट पडला की रक्तात दोन्ही वाढतात. आणि मेंदूच्या आत ही अफूसारखी रसायनं हायपोथॅलॅमसला आवरून धरतात. मागणीची हाक फार मोठी होऊ देत नाहीत. दुखणंही थोडं बोथट करतात. कामाच्या भरात पायाला काटा लागलेला कळत नाही, घरी आल्यावर ठणकायला लागतो, त्यात या रसायनांचा वाटा आहे.

कुलपात अडकवलेली काडी : नाल्ट्रेक्झोन

आता गोळ्यांकडे येऊ. पहिली व्यसन सोडण्यासाठी दिली जाणारी नाल्ट्रेक्झोन. ही गोळी त्या अफूच्या कुलपात जाऊन बसते, पण कुलूप उघडत नाही. कुलपात काडी मोडून अडकवली तर खरी किल्ली आत जात नाही, तसंच. माणसानं वरून गर्द घेतली तरी नशा चढत नाही. दारूतली मजाही अंगातल्या याच रसायनांमुळे वाढते, म्हणून दारूची ओढ कमी करायलाही ही गोळी देतात. अमेरिकेत ती १९८४ साली अफूच्या व्यसनासाठी आणि १९९४ साली दारूच्या व्यसनासाठी मान्य झाली. हिचीच चुलत बहीण नालोक्झोन. ती इंजेक्शनानं, काही ठिकाणी नाकातल्या फवाऱ्यानं देतात. अफूजन्य औषधाचा जास्त डोस होऊन श्वास मंदावलेल्या माणसाला ती वाचवते.

आपल्या पुण्याला हा विषय परका नाही. ऐंशीच्या दशकात गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, शहरात पसरली. तेव्हा पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. चाळीस वर्षं होत आली. व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार असतो, हे महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांना तिथूनच पहिल्यांदा कळलं.

मग कष्टाचं काय? शास्त्रज्ञांनी धडधाकट माणसांना ट्रेडमिलवर, म्हणजे पायाखाली सरकणाऱ्या पट्ट्यावर, पळवलं किंवा एका जागी बसवलेल्या सायकलवर पायडल मारायला लावलं. एकदा साध्या गोळीवर आणि एकदा हे कुलूप बंद करणारं औषध देऊन. मधूनमधून रक्त घेऊन एसीटीएच आणि कॉर्टिसॉल मोजलं. औषध दिल्यावर दोन्ही जास्त चढलेलं दिसलं. नुसतं बसून असतानाही हे औषध कॉर्टिसॉल वाढवतं, कष्टात ते आणखी चढतं. काही प्रयोगांत अ‍ॅड्रेनॅलिनही जास्त वाढलं. किती वाढलं ते डोसावर आणि कष्टाच्या जोरावर बदलतं. पण अर्थ सरळ आहे. ब्रेक सैल केला की गाडी जास्त पळते. यावरूनच तर कळलं की अंगातली अफूसारखी रसायनं ताणाच्या व्यवस्थेला आवरत असतात.

याचा अर्थ नाल्ट्रेक्झोन घेणाऱ्यानं काम करू नये असा नाही. ही वाढ निरोगी शरीराला पेलते. पण गोळी सुरू झाल्यावर पहिले काही दिवस मळमळ, डोकेदुखी, थकवा, बेचैनी, झोप न लागणं हे होऊ शकतं. त्यात दारू नुकतीच सुटलेली असते, अंग आधीच ढिलं झालेलं असतं. अशा माणसाला पहिल्याच आठवड्यात भर पावसात दिवसभर नांगराला जुंपलं आणि तो वैतागून म्हणाला, "या गोळीनंच मला कमजोर केलं," तर गोळी सुटते आणि दारू परत येते. नुकसान इथं होतं. म्हणून घरच्यांनी पहिले दिवस हलकं काम द्यावं आणि त्रास असेल तर डॉक्टरांना सांगावा. गोळी मनानं बंद करू नये.

भोंगा बंद केला म्हणून पाणी थांबत नाही : झोपेच्या गोळ्या

दुसरी गोळी झोपेची, किंवा 'टेन्शनची'. अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम, नायट्राझेपाम अशी त्यांची नावं असतात. पाकिटावर कंपनीचं नाव मोठं आणि औषधाचं नाव बारीक असतं, ते शोधून वाचा.

मेंदूत गाबा नावाचं एक रसायन आहे. गलका झाला की शाळेत बाई टेबलावर पट्टी आपटतात आणि वर्ग गप्प होतो. गाबाचं काम तेच. या गोळ्या गाबाचा जोर वाढवतात. सगळा मेंदू थोडा गप्प होतो. भीती, झोप पळवणारे विचार, आकडी, सगळं शांत होतं. हायपोथॅलॅमसही गप्प होतो, मागणीचा निरोप हळू निघतो. म्हणून अल्प्राझोलाम देऊन माणसांना पळवलं तेव्हा नाल्ट्रेक्झोनच्या उलट चित्र दिसलं. कष्ट तेवढाच, पण एसीटीएच आणि कॉर्टिसॉल कमी चढलं.

इथं पटकन वाटेल, मग बरंच झालं की! ताणाचं हार्मोन कमी, म्हणजे ताण कमी. पण थांबा. धरणातून पाणी सोडण्याआधी नदीकाठच्या लोकांना इशारा देतात, भोंगा वाजवतात. भोंग्याच्या आवाजानं झोपमोड होते म्हणून कुणी त्याची तार काढली, तर आवाज बंद होईल, पाणी थांबणार नाही. गोळीनंही ओझं हलकं होत नाही, चढ कमी होत नाही, पोट भरत नाही. शरीरानं मागितलेली तयारी तेवढी कमी होते.

आणि शेतात खरा धोका तर हार्मोनच्याही आधी येतो. या गोळ्यांनी तोल ढळतो, पाय उचलायला उशीर होतो, लक्ष उडतं. निसरडा बांध, कडेला विहीर, हातात विळा, डोक्यावर भारा, अशा वेळी अर्ध्या क्षणाचा उशीरही पुरेसा असतो. आपल्या सासूबाईंच्या वयाच्या बायकांना तर या गोळ्यांवर पडून खुब्याचं हाड मोडण्याचा धोका वाढतो, हे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. रात्री घेतलेली गोळी सकाळी संपते असंही नाही. अल्प्राझोलाम निम्मं व्हायलाच साधारण ११ तास लागतात. डायझेपामला दिवस-दीड दिवस, कधी त्याहून जास्त. रोज घेतलं तर कालचं शिल्लक आणि आजचं नवं अशी थकबाकी साचत जाते. म्हणून सकाळी अंग जड, डोकं भरल्यासारखं वाटतं. बाई त्याला अशक्तपणा म्हणते आणि सलाईन लावायला जाते.

तरीही ऐका, आज रेडिओवर ऐकलं म्हणून उद्यापासून गोळी फेकून देऊ नका. महिनोन्महिने रोज घेतलेली ही गोळी एकदम बंद केली तर गप्प बसवलेला मेंदू एकदम उसळतो. ताणाची हार्मोन्स चढतात, हात थरथरतात, घाम फुटतो, झोप पार उडते आणि कुणाला आकडीही येऊ शकते. गोळी सुटते, नक्की सुटते, पण आठवड्या-आठवड्यानं, थोडी थोडी कमी करत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

कष्ट आणि गुंगी यांचं जुनं नातं

कष्टकरी बाई आणि गुंगीचं औषध ही जोडी आजची नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कापड गिरण्यांत आपल्याच घाटावरच्या आणि कोकणातल्या बाया काम करायच्या. तान्ह्या बाळाला सांभाळायला कुणी नाही, पाळी चुकवली तर मजुरी जाते. मग बाळाला अफूची 'बाळगोळी' चाटवायची आणि दिवसभर झोपवून ठेवायचं. त्या काळच्या डॉक्टर बायकांनी आणि सरकारी चौकश्यांनी ही गोष्ट लिहून ठेवली आहे. त्या आया निर्दयी नव्हत्या. पाळणाघर नव्हतं, म्हणून गोळी होती.

आज बाळगोळी गेली, पण हिशोब तोच राहिला. आवणीसाठी मजूर मिळत नाही, पहाटे चारला उठून डबा करायचा, दिवसभर चिखलात, रात्री दारू पिऊन आलेल्याची वाट बघायची. अशा बाईला झोप येत नाही, हा तिच्या मेंदूचा दोष आहे का? तिचा भोंगा बरोबर वाजतो आहे. गोळी काही दिवस आधार देईल, कधी ती खरोखर लागते. पण वर्षानुवर्षं गोळी चालू आणि घरातल्या कामाची वाटणी आहे तशीच, हे आपल्या बैठकीत बोलायला हवं.

आता कामाच्या गोष्टी

आवणीआधी एवढं करा.

पहिलं, गोळी कोणाच्या सांगण्यावरून चालू आहे ते बघा. चिठ्ठी जुनी असेल किंवा नसेलच, तर पावसाआधी एकदा आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा पौडच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवून या. डॉक्टरांना सांगा की मी दिवसभर वाकून शेतात काम करते, चढावरून ओझं नेते, गाडी चालवते. हे आपण सांगितलं नाही तर त्यांना कसं कळणार? विचारा, ही गोळी किती दिवस घ्यायची, रात्री किती वाजता घ्यायची, आणि बंद कशी करायची.

दुसरं, गोळी उसनी देऊ-घेऊ नका. साखर उसनी चालते, झोपेची गोळी नाही. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, ट्रॅमाडॉल ही औषधं शेड्यूल एच वन या यादीत आहेत. मार्च २०१४ पासून हा नियम लागू आहे. चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाहीत आणि दुकानदारानं नोंद तीन वर्षं ठेवायची. अशा पाकिटावर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो. चौकट दिसली की समजा, हे औषध सहज घ्यायचं नाही.

तिसरं, झोपेची गोळी आणि दारू किंवा ताडी कधीही एकत्र नको. दोन्ही मेंदूला गप्प करतात, आणि दोन्ही मिळून श्वासालाही गप्प करू शकतात. ताडीत आधीच गुंगीची रसायनं मिसळलेली असू शकतात, अशा कारवाया झालेल्या आहेत. ट्रॅमाडॉलसारखी दुखण्याची गोळी आणि झोपेची गोळी एकत्र घेण्यातही तोच धोका आहे. कंबर दुखते म्हणून एक आणि झोप येत नाही म्हणून दुसरी, अशा दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या असतील तर दोन्ही एकाच डॉक्टरांना दाखवा.

चौथं, घरात कोणी नाल्ट्रेक्झोन घेत असेल तर अफूच्या जातीची दुखण्याची औषधं, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, जुलाब थांबवायच्या काही गोळ्या चालत नाहीत. कुलपात काडी आहे, ती औषधं कामच करणार नाहीत. अपघात झाला, ऑपरेशन करायची वेळ आली, तर डॉक्टरांना ही गोळी चालू आहे हे आधी सांगायला लागतं. म्हणून एका कागदावर गोळीचं नाव लिहून तो त्यांच्या पाकिटात ठेवा. अफू, गर्द किंवा ट्रॅमाडॉल घेणाऱ्याला ती सोडून साधारण सात ते दहा दिवस झाल्याशिवाय नाल्ट्रेक्झोन सुरू करत नाहीत, नाहीतर जोराचा त्रास होतो. आणि ही गोळी मध्येच सोडून कुणी पुन्हा जुन्याच मापानं नशा केली, तर शरीराची सवय मोडलेली असल्यानं जीव जाऊ शकतो.

पाचवं, आणि हे फार महत्त्वाचं. नवऱ्याच्या जेवणात चोरून गोळी किंवा पूड मिसळू नका. 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती असतात. व्यसनाच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. डायसल्फिराम नावाची गोळी पोटात असताना दारू प्यायली तर उलट्या होतात, चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळू शकतो. माहीत नसलेल्या माणसाच्या ते जिवावर बेतेल. तुमचा त्रास मला कळतो, पण उपचार त्याला सांगूनच व्हायला हवा.

सहावं, झोपेची गोळी चालू असेल तर खाचरात एकटीनं जाऊ नका. बांधावरून ओझं नेणं, विहिरीवर पाणी ओढणं, दुचाकी चालवणं ही कामं त्या दिवसांत दुसरीला द्या. न्याहरी चुकवू नका. पहिले दोन-तीन दिवस अर्धा दिवस काम करून अंगाला सवय लावा. गुंगी उतरत नाही, बोलणं अडखळतं, श्वास संथ झाला, हाक मारून जाग येत नाही, असं कुणाचं दिसलं तर १०८ ला फोन करा आणि गोळीचं पाकीट सोबत न्या.

मग झोपेचं काय?

गोळीशिवाय ताणाची व्यवस्था सुधारता येते का? येते. आपण पाहिलं, सवयीचा कष्ट अंगाला कमी बोचतो. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालणं, म्हणजे आठवड्याला १५० मिनिटं, एवढं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुम्ही म्हणाल, आम्ही दिवसभर राबतो, आणखी चालायचं कशाला? आवणीच्या दिवसांत नकोच, तेव्हा विश्रांती हाच व्यायाम. पण भात निघाल्यावर जे चार महिने असतात, त्यात हातात काही न घेता, डोक्यावर काही न घेता, मैत्रिणीबरोबर चाललेला अर्धा तास वेगळा असतो.

त्यानं मन हलकं का होतं यावरही शोध चालू आहे. पळाल्यावर वाटणारा आनंद एंडॉर्फिनमुळेच, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. जर्मनीत २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ६३ जणांपैकी काहींना नाल्ट्रेक्झोन देऊन, म्हणजे ती कुलपं बंद करून, पळवलं. तरी त्यांना आनंद वाटला आणि काळजी कमी झाली. म्हणजे शरीराकडे मन हलकं करायच्या आणखीही वाटा आहेत. नाल्ट्रेक्झोन घेणाऱ्या दादांसाठी ही चांगली बातमी आहे. गोळीमुळे त्यांचा चालण्याचा आनंद जाईलच असं नाही.

मनाचा त्रास जास्त असेल, रात्र रात्र झोप नसेल, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करा. सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी १४४४६ हा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आणि या महिन्याच्या बैठकीत एक विषय घ्या. कुणाला कोणती गोळी चालू आहे, हे सगळ्यांसमोर विचारू नका, ते तिचं खासगी आहे. एवढंच ठरवा, की आवणीला एकमेकींच्या खाचरात पाळीपाळीनं जायचं, आणि जिला अंग जड वाटतंय तिनं कारण न सांगता त्या दिवशी बांधावर बसून रोपांच्या मुठी बांधायच्या. मजुरी तीच. कारण विचारायचं नाही, हा ठराव लिहूनच घ्या, म्हणजे सांगायला कुणाला लाज वाटणार नाही.

तुमचे प्रश्न आपल्या गावच्या आशाताईंकडे किंवा सीआरपी ताईंकडे द्या, नाव घातलं नाही तरी चालेल. पुढच्या वेळी त्यातले प्रश्न घेऊ. पाऊस चांगला होवो, रोप जोमानं येवो.